चित्रात नसलेले डोपामाइन

व्यसनाविषयीच्या लेखांसोबत मेंदूच्या दोन चित्रांची एक जोडी वारंवार छापली जाते. डावीकडे निरोगी मेंदू, त्याच्या मधोमध लाल-पिवळ्या तेजाचे दोन पट्टे. उजवीकडे कोकेन किंवा मेथॅम्फेटामाइन घेणाऱ्याचा मेंदू, तेच पट्टे विझत आलेले. खाली एक ओळ असते: डोपामाइन घटले. वाचक ती ओळ खरी मानून पुढे जातो. वस्तुतः त्या चित्रात डोपामाइन नसतेच. जिवंत प्राण्याच्या कवटीबाहेरून डोपामाइनचे रेणू टिपणारा कॅमेरा अजून कोणी बनवलेला नाही. चित्रात दिसतो तो बाहेरून टोचलेला एक परका, किरणोत्सारी रेणू. तो कुठे जाऊन बसला आणि कुठे त्याला जागा मिळाली नाही, एवढीच नोंद यंत्र करते. या नोंदीवरून डोपामाइनविषयी बोलण्याचा अधिकार विज्ञानाने हळूहळू मिळवला. त्यासाठी ससे, उंदीर, बबून आणि मकाक यांच्यावर दशकानुदशके प्रयोग झाले, आणि त्या मालिकेची सुरुवात भारतीय वैद्यकाला जुन्या ओळखीच्या एका झुडपापासून झाली.

सर्पगंधा हे ते झुडूप. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या मुळांचा रक्तदाबावर आणि उन्मादावर होणारा परिणाम वैद्यकीय नियतकालिकात नोंदवला. त्याच वर्षी दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी तिच्यातील अल्कलॉइडे वेगळी केली आणि त्यांतील एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ असे नाव दिले. मात्र जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले ते मुंबईच्या रुस्तम जाल वकील यांनी. परळच्या केईएम रुग्णालयाशी संबंधित असलेल्या या हृदयरोगतज्ज्ञांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील निरीक्षणे १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. तीन वर्षांनी बाझलमधील सिबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्या मुळांतून रेसर्पिन हा शुद्ध घटक वेगळा केला. रेसर्पिन रक्तदाब उतरवी आणि मनोरुग्णालयांतील प्रक्षुब्ध रुग्णांना शांत करी. काहींच्या बाबतीत ते या शांततेच्या पलीकडे जाई: हातपाय ताठरत, चेहरा निर्विकार होई, पार्किन्सनच्या रोग्यासारखी अवस्था येई. औषधाचा हाच दोष पुढे एका शोधाला कारण झाला.

स्वीडनमधील लुंड येथे अर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले. ससे कान पाडून निश्चल बसले. त्या काळचा समज असा की रेसर्पिनमुळे मेंदूतील नॉरअॅड्रेनालिन आणि सेरोटोनिन संपते, आणि निश्चलता त्यामुळेच येते. कार्लसन यांनी त्या सशांना एल-डोपा टोचले. काही मिनिटांत ससे उठून हिंडू लागले. हे निरीक्षण १९५७ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. पण मेंदूचे रासायनिक पृथक्करण केले तेव्हा नॉरअॅड्रेनालिन वाढलेले नव्हतेच. मग सशांना उठवले कोणी? एल-डोपापासून नॉरअॅड्रेनालिन तयार होताना वाटेत एक पदार्थ तयार होतो, डोपामाइन. तोवर त्याला केवळ वाटेवरचा थांबा समजले जात असे. १९५८ साली कार्लसन यांच्या गटाने दाखवून दिले की डोपामाइन मेंदूत स्वतंत्रपणे असते, रेसर्पिनने ते नाहीसे होते आणि एल-डोपाने परत येते. लवकरच लुंडच्याच बर्टलर आणि रोसेनग्रेन यांना आढळले की मेंदूतील बहुतेक डोपामाइन हालचालींशी निगडित असलेल्या स्ट्रायाटम या भागात एकवटलेले आहे.

आज हा निष्कर्ष पाठ्यपुस्तकात सहज वाचला जातो. १९६० साली लंडनच्या परिसंवादात मात्र तो स्वीकारला गेला नाही. नोबेलविजेते हेन्री डेल यांच्यासारख्या ज्येष्ठांचा चेतापेशी एकमेकींशी रसायनांच्या भाषेत बोलतात या कल्पनेवर सर्वत्र विश्वास होता, फक्त मेंदूच्या आत नव्हता. एल-डोपा हे त्यांना विष वाटले. पृथक्करणाचे आकडे त्यांना पटवू शकत नव्हते, कारण मेंदू वाटून काढलेल्या द्रवातला आकडा तो पदार्थ नेमका कुठे होता ते सांगत नाही. त्यासाठी चित्र हवे होते.

ते चित्र बेंग्ट फाल्क आणि निल्स-ऑके हिलार्प यांनी मिळवून दिले. गोठवून सुकवलेल्या ऊतींचे पातळ काप फॉर्मल्डिहाइडच्या वाफेत ठेवले की डोपामाइन आणि नॉरअॅड्रेनालिन यांचे रूपांतर प्रकाशणाऱ्या संयुगांत होते आणि सूक्ष्मदर्शकाखाली ती हिरवी दिसतात; सेरोटोनिन पिवळे दिसते. १९६२ साली ही पद्धत प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनी अॅनिका डालस्ट्रॉम आणि शेल फुक्से यांनी उंदरांच्या मेंदूतील या हिरव्या पेशींचा नकाशा काढला आणि समूहांना क्रमांक दिले. मध्यमेंदूतील ए-९ या समूहाचे तंतू स्ट्रायाटमकडे जातात. शेजारच्या ए-१० समूहाचे तंतू न्यूक्लियस अक्युम्बन्स आणि अग्रमेंदूच्या इतर भागांकडे. उत्तेजक द्रव्यांवरचे संशोधन आजही या दोन मार्गांच्या नावानेच चालते. नंतरची सर्व रंगीत चित्रे संगणकाने रंगवलेली आहेत. ही हिरवी चित्रे तशी नव्हती. तो प्रकाश रेणूंचाच होता. मात्र त्यासाठी प्राण्याला मारून त्याच्या मेंदूचे काप करावे लागत.

दरम्यान उत्तेजकांचा धागा वेगळ्या दिशेने येत होता. अॅम्फेटामाइन १८८७ सालचे, कोकेन त्याच्याही आधीचे; दोन्हींचे परिणाम साऱ्यांना माहीत, पण कारण अज्ञात. १९५४ साली मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांना दिसले की मेंदूच्या विशिष्ट भागांत विद्युतप्रवाह मिळावा म्हणून उंदीर कळ दाबतच राहतो. १९७० साली उंगरस्टेड आणि आर्बथनॉट यांनी एका बाजूचा डोपामाइन-मार्ग नष्ट केलेल्या उंदरांना अॅम्फेटामाइन दिले, तेव्हा ते नष्ट केलेल्या बाजूकडे गोल गोल फिरू लागले. या साध्या प्रयोगाने अॅम्फेटामाइनचा आणि डोपामाइनचा संबंध उघड्या डोळ्यांना दाखवला. पुढे यंत्रणाही उलगडली. चेतापेशी डोपामाइन बाहेर सोडते आणि काम झाल्यावर एक वाहक प्रथिन ते पुन्हा आत ओढून घेते. कोकेन या वाहकाचे दार अडवून बसते. अॅम्फेटामाइन त्याच दाराने आत शिरते आणि वाहकाला उलट चालवते. परिणाम एकच: पेशींमधील फटीत डोपामाइन साचते. १९८७ साली रिट्झ, कुहार आणि सहकाऱ्यांनी दाखवले की कोकेनसारखी द्रव्ये या वाहकाला जितकी घट्ट बिलगतात, तितकी ती मिळवण्याची प्राण्यांची धडपड तीव्र असते. पुढच्या वर्षी इटलीत दी कियारा आणि इम्पेराटो यांनी मोकळ्या फिरणाऱ्या उंदरांच्या मेंदूत सूक्ष्म नळ्या ठेवून, माणसे ज्यांच्या आहारी जातात ती निरनिराळी द्रव्ये न्यूक्लियस अक्युम्बन्समधील डोपामाइन वाढवतात हे प्रत्यक्ष मोजले.

इथे गोष्ट संपली असे अनेकांना वाटले. १९९६ साली तर वाहक प्रथिनाचे जनुकच काढून टाकलेल्या उंदरांवर कोकेनचा चेतवणारा परिणाम होत नाही हेही दिसले. पण दोनच वर्षांत असे उंदीर कोकेन मिळवण्यासाठी तरीही कळ दाबतात असे निष्पन्न झाले. डोपामाइन म्हणजे सुख, आणि उत्तेजक म्हणजे डोपामाइनचा पूर, हे समीकरण तेव्हापासून अपुरे ठरलेले आहे. लोकप्रिय लेखनात ते अजूनही ठणठणीत आहे, ही गोष्ट वेगळी.

जिवंत मेंदूत डोकावण्याचे साधन भौतिकशास्त्राने दिले. कार्बन-११ हे कार्बनचे अस्थिर भावंड. त्याचे अर्धायुष्य सुमारे २० मिनिटे. क्षय होताना ते एक पॉझिट्रॉन बाहेर टाकते. हा पॉझिट्रॉन ऊतीत मिलिमीटरभर भटकतो, एका इलेक्ट्रॉनला भेटतो आणि दोघेही नाहीसे होतात. त्या जागी ५११ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे दोन गॅमा किरण जवळजवळ परस्परविरुद्ध दिशांना निघतात. डोक्याभोवती शोधकांचे कडे ठेवले आणि दोन शोधकांनी एकाच क्षणी नोंद केली, की घटना त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी घडली असे धरता येते. अशा लक्षावधी रेषांच्या गणितातून चित्र उभे राहते. हीच पेट तंत्राची मूळ कल्पना. २० मिनिटांचे अर्धायुष्य ही तिची मोठी अडचण: सायक्लोट्रॉन, रसायनशाळा आणि स्कॅनर हे एकाच आवारात लागतात, आणि रसायनशास्त्रज्ञाला रेणू जोडून, शुद्ध करून, टोचण्याजोगा करून धावतच द्यावा लागतो. त्याचा फायदाही तितकाच मोठा. याआधी लुई सोकोलॉफ यांच्या डिऑक्सिग्लुकोज पद्धतीने प्राण्याच्या मेंदूतील ऊर्जावापराचे उत्तम चित्र मिळे, पण एका प्राण्याचे एकदाच, कारण त्यासाठीही मेंदूचे काप लागत. आता तोच प्राणी आज, पुढच्या आठवड्यात आणि वर्षानंतर पाहता येणार होता. व्यसन कालांतराने जडते, म्हणून त्याच्या अभ्यासकांना याचे विशेष मोल होते.

१९८३ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हेन्री वॅग्नर यांच्या गटाने डोपामाइनच्या ग्राहींना चिकटणारा कार्बन-११युक्त रेणू आधी बबूनला टोचला, आणि नंतर वॅग्नर स्वतःच स्कॅनरमध्ये जाऊन झोपले. माणसाच्या मेंदूतील डोपामाइन-ग्राहींचे ते पहिले चित्र. दोन वर्षांनी स्टॉकहोममध्ये लार्श फार्दे आणि सहकाऱ्यांनी रॅक्लोप्राइड हा अधिक सोयीचा रेणू वापरात आणला. तो डी-२ ग्राहींना बिलगतो, पण फार घट्ट नाही. ही सैल पकडच पुढे कामी आली.

या टप्प्यावर कथेत बबून आणि लांब शेपटीचे मकाक दिसू लागतात. भारतीय वाचकाला प्रश्न पडेल की प्रयोगशाळांतील सुप्रसिद्ध ऱ्हीसस माकड कुठे गेले. पोलिओ लशीच्या काळात भारतातून वर्षाला लाखाहून अधिक ऱ्हीसस माकडे परदेशी जात. १९५५ साली वाहतुकीतील मृत्यूंमुळे त्यावर काही काळ बंदी आली. पुढे, वैद्यकीय कामासाठी म्हणून नेलेली माकडे लष्करी किरणोत्सर्ग-प्रयोगांत वापरली जात असल्याचे उघड झाल्यावर १९७८ साली मोरारजी देसाई यांच्या सरकारने निर्यात पूर्णपणे थांबवली. बबून केवळ या बंदीमुळे निवडले गेले असे म्हणता येणार नाही. त्यांचा मोठा मेंदू त्या काळच्या जाडसर कॅमेऱ्यांना सोयीचा होता. परंतु मेंदूच्या त्या स्वच्छ, रक्तहीन चित्रांमागे पकडलेला, पाठवलेला आणि भूल दिलेला एक प्राणी असतो, याची आठवण हा निर्णय करून देतो.

न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत स्टीफन ड्यूई आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी रॅक्लोप्राइडच्या त्या सैल पकडीचा उपयोग केला. तर्क असा: ग्राही म्हणजे ठराविक खुर्च्या. काहींवर शरीराचे स्वतःचे डोपामाइन बसलेले, उरलेल्यांवर किरणोत्सारी पाहुणा बसतो. उत्तेजक देऊन डोपामाइन वाढवले, तर पाहुण्याला खुर्च्या कमी मिळतील आणि चित्रातील तेज उतरेल. बबूनांमध्ये तसेच घडले. म्हणजे तेज कमी होणे याचा अर्थ इथे डोपामाइन वाढणे! सुरुवातीच्या त्या जोडचित्राशी हे ताडून पाहावे. तिथे तेज कमी होण्याचा अर्थ उलट लावलेला असतो. दोन्ही अर्थ आपापल्या जागी बरोबर असू शकतात. खुर्च्याच कमी झाल्या असतील, किंवा खुर्च्या तितक्याच असून डोपामाइनने अधिक अडवल्या असतील. एका चित्रावरून हा निवाडा होत नाही.

मग तेज किती उतरले म्हणजे डोपामाइन किती वाढले? याचे उत्तर प्राण्यांखेरीज मिळणे शक्य नव्हते. १९९७ साली मार्क लारुएल आणि अॅलन ब्रायर यांच्या स्वतंत्र गटांनी माकडवर्गीय प्राण्यांच्या मेंदूत सूक्ष्म नळी ठेवून एकीकडे डोपामाइन थेट मोजले आणि दुसरीकडे चित्रे घेतली. दोन्ही मोजमापे एकाच दिशेने बदलत होती, पण प्रमाण फार विषम होते: डोपामाइन कित्येक पटींनी वाढावे, तेव्हा तेज काही दहा टक्क्यांनी उतरावे. मापनयंत्र हाताळणाऱ्या कोणालाही ही बाब अस्वस्थ करील. चित्रातला लहानसा फरक मेंदूतील प्रचंड बदलाचा निदर्शक असू शकतो, आणि लहान बदल चित्रात उमटणारच नाही.

खुद्द उत्तेजकाचा रेणूही किरणोत्सारी करता येतो. १९८९ साली ब्रुकहेवनच्या जोआना फाउलर यांच्या गटाने कार्बन-११युक्त कोकेन बबूनांना आणि माणसांना दिले. ते अत्यल्प मात्रेत होते, नशा येण्याइतके नव्हे. माणसांत ते ४ ते १० मिनिटांत स्ट्रायाटममध्ये शिगेला पोहोचले आणि पुढच्या २५ मिनिटांच्या आसपास निम्मे ओसरले. धुंदीच्या चढउताराशी हा कालक्रम जुळत होता. नंतर नोरा वोल्को यांच्यासह याच गटाने मुलांच्या अवधान-विकारावर दिले जाणारे मेथिलफेनिडेट तपासले. शिरेतून दिल्यास तेही त्याच जागी तितक्याच वेगाने पोहोचते. मात्र कोकेन साधारण २० मिनिटांत निम्म्यावर येते, त्याला ९० मिनिटे लागतात. दार दीर्घकाळ अडलेले राहते, पण धुंदी मात्र लवकर उतरते. यावरून वेगाचे महत्त्व लक्षात आले. तोंडावाटे घेतलेली गोळी मेंदूत सावकाश पोहोचते, आणि एकाच रेणूच्या औषध व नशा या दोन रूपांतील अंतर मोठ्या प्रमाणात या सावकाशीत आहे.

याच वर्षांत वोल्को यांनी कोकेनच्या व्यसनी माणसांमध्ये डी-२ ग्राहींची उपलब्धता कमी असल्याचे दाखवले. मग सर्वांत अवघड प्रश्न उभा राहिला. ग्राही कोकेनने कमी झाले, की मुळातच कमी असलेली माणसे कोकेनकडे ओढली गेली? पहिले खरे असेल तर व्यसन ही द्रव्याने केलेली इजा; दुसरे खरे असेल तर तो आधीपासूनचा कल. कायदा, उपचार आणि समाजाची नजर या उत्तराप्रमाणे बदलते. माणसांवर हे तपासायचे तर निर्व्यसनी माणसांना कोकेन द्यावे लागेल. ते अशक्यच होते.

उत्तर कॅरोलायनातील वेक फॉरेस्ट विद्यापीठात मायकेल नेडर यांच्या गटाने ते मकाकांवर तपासले. २० नर मकाक आधी स्वतंत्र पिंजऱ्यांत ठेवून त्यांच्या डी-२ ग्राहींची पेटने मोजणी झाली. तेव्हा त्यांच्यात लक्षणीय फरक नव्हता. मग चार-चारांचे गट केले. माकडांनी आपापसांत मानाची उतरंड ठरवली. तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी केली, तेव्हा म्होरक्या माकडांमध्ये ग्राहींची उपलब्धता सुमारे २० टक्क्यांनी वाढलेली दिसली. दबून राहणाऱ्यांत ती होती तशीच होती. त्यानंतर कळ दाबून कोकेन मिळवण्याची मुभा दिली. दबलेली माकडे ते घेत राहिली. म्होरक्यांना त्यात विशेष गोडी वाटली नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग इजा आणि कल या दोन्ही पर्यायांना बगल देतो: मेंदूतील फरक जन्मजात नव्हता आणि द्रव्यानेही केलेला नव्हता, तो शेजाऱ्यांमुळे घडला होता. अर्थात म्होरकेपण हे कायमचे कवच नव्हते. कोकेन दीर्घकाळ मिळत राहिल्यावर दोन्हींमधील फरक पुसट झाला.

२००६ साली त्याच गटाने कोकेनची बाजूही मोजून दाखवली. ज्या माकडांत आरंभी ग्राही कमी, ती कोकेन अधिक वेगाने घेत; आणि घेऊ लागल्यावर आठवडाभरातच ग्राहींची उपलब्धता १५ ते २० टक्क्यांनी घसरे. आठवडाभरच कोकेन मिळालेल्या माकडांत ती तीन आठवड्यांत पूर्ववत झाली. वर्षभर घेतलेल्या पाच माकडांपैकी तिघांत ती सावरली. दोघांत वर्षभराच्या खंडानंतरही सावरली नाही. पाच ही संख्या लहान आहे, आणि तीन-दोन अशा विभागणीवरून नियम मांडता येत नाही. तरीही एकच द्रव्य, एकच पिंजरा, जवळपास सारखीच मात्रा असूनही दोन माकडे परतली नाहीत, हे निरीक्षण सहज विसरता येण्यासारखे नाही.

दोनच ग्रॅम मेंदूच्या उंदरासाठी मात्र ही यंत्रे फार ढोबळ होती. १९९७ च्या सुमारास सायमन चेरी यांनी लॉस एंजेलिसमध्ये सुमारे दोन मिलिमीटरपर्यंतचा तपशील टिपणारे लहान पेट-यंत्र बनवले, आणि उंदीरही या चित्रशाळेत आले. अशाच यंत्राने केंब्रिजच्या जेफ्री डॅली आणि सहकाऱ्यांनी २००७ साली उतावळ्या उंदरांचा अभ्यास केला. दिवा लागण्याआधीच बटणाकडे झेपावणाऱ्या या उंदरांत न्यूक्लियस अक्युम्बन्सच्या परिसरातील डी-२ व डी-३ ग्राहींची उपलब्धता कोकेनचा एकही थेंब मिळण्यापूर्वीच कमी होती, आणि पुढे त्यांनीच ते अधिक घेतले. मकाकांनी परिस्थितीकडे बोट दाखवले होते, उंदरांनी स्वभावाकडे दाखवले. दोन्ही निष्कर्ष आज शेजारी-शेजारी उभे आहेत.

या यशाच्या मध्यावरच एक मोठी ठेच लागली. जॉन्स हॉपकिन्समधील जॉर्ज रिकार्टे यांच्या गटाने १९९८ साली बबूनांना माणसे नशेसाठी घेतात तशा मात्रेत मेथॅम्फेटामाइन देऊन डोपामाइन-वाहकांची हानी पेटने दाखवली होती, आणि नंतर मेंदूच्या प्रत्यक्ष तपासणीने ती पडताळली होती. चित्र आणि ऊती यांचा मेळ घालणारे ते काम होते. सप्टेंबर २००२ मध्ये त्याच गटाचा निबंध ‘सायन्स’मध्ये आला. तीन-तीन तासांच्या अंतराने एक्स्टसी म्हणजे एमडीएमएच्या तीन मात्रा दिल्यावर माकडांच्या डोपामाइन-मार्गांची गंभीर हानी होते, म्हणजे एका रात्रीच्या मौजेत मेंदूची न भरून येणारी इजा होऊ शकते, असा त्याचा आशय होता. त्याच काळात अमेरिकी संसदेत नाचगाण्याच्या पार्ट्यांविरुद्धच्या कायद्याची चर्चा चालू होती. निष्कर्ष जगभर गाजला. पुढे गटाला स्वतःचाच प्रयोग पुन्हा जमेना. शोध घेतला, तेव्हा मरण पावलेल्या माकडांच्या गोठवून ठेवलेल्या मेंदूत एमडीएमए सापडलेच नाही, सापडले मेथॅम्फेटामाइन. कुप्यांवरची लेबले अदलाबदल झाली होती. सप्टेंबर २००३ मध्ये निबंध मागे घेतला गेला. यात मोजमाप चुकले नव्हते. डोपामाइन-मार्गांची हानी खरीच झाली होती. चूक होती ती कुपीत काय आहे याबद्दलच्या विश्वासात. मेंदू तपासणाऱ्या कोणत्याही यंत्राला ती कळली नसती. ती कळली पुनरावृत्तीचा आग्रह धरल्यामुळे, आणि मेलेल्या प्राण्यांच्या ऊती कोणी जपून ठेवल्यामुळे.

आणखी एक शंका सुरुवातीपासून होती. प्राणी स्कॅनरमध्ये स्थिर राहावा म्हणून भूल द्यावी लागते, आणि भुलीची औषधे स्वतःच डोपामाइनच्या व्यवहारात हात घालतात. जपानमध्ये हामामात्सू येथे हिदेओ त्सुकादा यांनी जागेपणी शांत बसायला शिकवलेल्या माकडांची चित्रे घेऊन हा परिणाम मोजला. ब्रुकहेवनच्या अभियंत्यांनी तर उंदराच्या डोक्यावर बसेल असे इवलेसे पेट-कडे बनवले. त्याचे वजन सुमारे पाव किलो, म्हणजे जवळपास उंदराइतकेच. ते स्प्रिंगांनी वरून तोलून धरले की उंदीर हिंडूफिरू शकतो. २०११ साली त्यातून वागणूक आणि रसायन एकाच वेळी नोंदवता आले. पुढे २०१८ साली लिन तियान आणि युलोंग ली यांच्या स्वतंत्र गटांनी डोपामाइन चिकटले की हिरवा प्रकाश देणारी प्रथिने जनुकांद्वारे उंदरांच्या चेतापेशींत बसवली. फाल्क आणि हिलार्प यांच्या कापांत स्थिर असलेला हिरवा रंग आता जिवंत उंदरात सेकंदाच्या अंशात उजळतो आणि मावळतो. त्यासाठी कवटीतून प्रकाशतंतू आत न्यावा लागतो. माणसात हे होत नाही, तिथे अजून रॅक्लोप्राइडच वापरले जाते.

भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पेट केंद्र २००२ साली मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले. ते परळमध्येच आहे, केईएम रुग्णालयापासून थोड्याच अंतरावर. मात्र डोपामाइन-मार्गांची जी तपासणी आज देशातील अनेक रुग्णालयांत होते, तिला बहुधा सायक्लोट्रॉन लागत नाही. ट्रोडॅट नावाचा रेणू टेक्निशियम-९९एम या सहज मिळणाऱ्या, सहा तासांच्या अर्धायुष्याच्या समस्थानिकाशी जोडून वापरतात. हात का थरथरतात, हा पार्किन्सनच आहे की दुसरे काही, एवढे त्यातून पाहायचे असते. ट्रोडॅट डोपामाइन-वाहकाला बिलगतो, कारण त्याचा सांगाडा कोकेनच्याच कुळातला आहे. माणसांपूर्वी तो बबूनांत तपासला गेला होता. निरोगी मेंदूत स्ट्रायाटमचे दोन तेजस्वी स्वल्पविराम दिसतात. मार्ग झिजू लागला की स्वल्पविरामाची शेपटी आधी जाते आणि उरतो तो एक ठिपका.